पंगतीच्या मापाचा हॉल

शैला,

तुझी शोकसभा तुझ्या हॉलमध्ये झाली नाही. मराठी मंडळाच्या निरोपातच लिहिलं होतं की उन्हाचे दिवस लक्षात घेऊन सभा हॉटेलच्या बँक्वेटमध्ये ठेवली आहे. ज्या लोकांसाठी तू बडोद्यात हरणीला हॉल बांधलास, त्याच लोकांनी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला दुसरीकडे जागा घेतली, कारण तुझ्या हॉलमध्ये म्हणे उकडतं. मी पहिल्या रांगेत होते. एसीचा झोत थेट मानेवर येत होता. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन मी तुझी स्तुती ऐकली.

स्तुती भरपूर झाली. जो उठला तो 'ग्रीन बिल्डिंग' म्हणाला. एकानं तर तुला बडोद्याच्या पर्यावरणपूरक वास्तुकलेची जननी करून टाकलं. तू शेजारी असतीस तर मला चिमटा काढला असतास. हिरवी पालकाची भाजी असते, इमारत नाही, हे तू प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचीस. तुझे प्रश्न दोनच असायचे. हे टिकेल का, आणि बिघडलं तर इथला माणूस दुरुस्त करू शकेल का. त्या दोन प्रश्नांपायी आपली किती कामं हातची गेली, याबद्दल कुणी बोललं नाही. ज्यांनी ती कामं दुसऱ्यांना दिली, त्यांतले काही मागच्या रांगेत बसून माना डोलावत होते.

शेवटी मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव उठले. त्यांनी डोळे पुसले, आणि ते पाणी खरं होतं, एवढं मला सांगायला हवं. मग त्यांनी जाहीर केलं की मंडळाचा हॉल आता मोठा करायचा. रस्त्याकडची भिंत काढून तो रुंद करायचा, दर्शनी बाजूला काच लावायची, सगळा वातानुकूलित करायचा आणि त्याला तुझं नाव द्यायचं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. "आणि नकाशे आपल्या मंदाताईच करतील. शैलाताईंना तेच आवडलं असतं," ते म्हणाले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी विचार करून सांगते म्हणाले आणि चहाला न थांबता निघाले.

त्याला आता महिना होत आला. लहरीपुऱ्यातलं आपलं ऑफिस मी रोज उघडते. खाली साड्यांच्या दुकानात तीच गडबड असते, वर तुझी खुर्ची टेबलाच्या पलीकडे तशीच आहे. त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण सगळं आयुष्य भांडण्यात घालवलं. लोकांना वाटायचं या दोघी पार्टनर आहेत. आपण खरं तर दोन विरोधी पक्ष होतो, भाडं फक्त एकच भरत होतो. तुझ्यासारखी माणसं गेली की त्यांच्याविषयी हळव्या आठवणी लिहायची पद्धत आहे. मला अजून तसं काही सुचत नाही. मला तुझा राग आलेला आहे, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचाही, आणि आधी कुणावर काढावा ते कळत नाही.

त्या हॉलचं माप कुठून आलं ते आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणजे फक्त मला ठाऊक आहे. मंडळाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना एवढंच हवं होतं की आपला म्हणून एक हॉल असावा. तू विचारलंस, "तिथं करणार काय?" लग्नं, मुंजी, हळदीकुंकू, गणपती, असं ते म्हणाले. "म्हणजे जेवणार," तू म्हणालीस. मग माझ्या आत्याकडच्या मुंजीला तू टेप घेऊन हजर झालीस. पाट, पाटापुढचं पान, पानाभोवतीची रांगोळी. मग वाढप्यांची वाट, श्रीखंडाचं पातेलं घेऊन जाणारा आणि मठ्ठा घेऊन येणारा एकमेकांना न घासता जातील एवढी. मग समोरची पंगत. तू उकिडवी बसून हे सगळं मोजत होतीस. आत्या म्हणाली, "अगं, आधी जेवून घे. मठ्ठा काही तुझ्यासाठी थांबायचा नाही." तू जेवायला बसलीस, आणि जेवता जेवता डाव्या हातानं शेजारच्या पाटापर्यंतचं अंतर मोजलंस. तो गृहस्थ घाबरून जरा सरकून बसला.

त्या मापावर हॉल उभा राहिला. लांब आणि अरुंद, पंगतीला नेमका पुरेल एवढाच. दोन्ही लांब भिंतींना अगदी खालपासून खिडक्या, कारण जमिनीवर बसलेल्या माणसाला वारा लागला पाहिजे. वर छताखाली दोरीनं उघडणाऱ्या लोखंडी झडपा, मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आपण स्वतः उभं राहून करून घेतलेल्या. पश्चिमेला रस्त्याकडे खोल पडवी, म्हणजे ऊन बाहेरच थांबेल आणि वारा तेवढा आत येईल. चुन्याचा गिलावा. आणि चौथरा एवढा उंच की प्रभाकरराव तेव्हाच कुरकुरले होते, म्हातारी माणसं चढणार कशी. तू म्हणालीस, "चढतील हळूहळू. विश्वामित्रीचं पाणी मात्र चढता कामा नये."

मी तेव्हाच म्हटलं होतं, रुंदी वाढव. लोक आता जमिनीवर बसत नाहीत. तू म्हणालीस, "खोली रुंद केली की वारा अर्ध्यात दमतो." तुझं खरं होतं. माझंही खरं होतं. आपल्या भांडणांची हीच कटकट होती, त्यात सहसा कुणी चुकीचं नसायचं. शेवटी तू जिंकलीस, कारण तू जास्त वेळ भांडू शकायचीस आणि मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असायचा.

आणि मग पहिलं लग्न. केटरर आला तो बुफेची टेबलं घेऊन. पंगतीच्या मापाच्या त्या हॉलमध्ये त्यानं मधोमध काउंटर लावले. दोन्ही बाजूंना हातात ताटली घेतलेली माणसं अडकली. पुढच्याची आमटी मागचीच्या शालूवर. गरम ढोकळ्याच्या काउंटरपाशी नवऱ्या मुलाचा मामा भिंतीला चिकटून उभा होता आणि त्याला ना पुढे जाता येत होतं ना मागे. मला हसू आवरेना. तू हाताची घडी घालून दारात उभी होतीस. "येतील परत पंगतीवर," तू म्हणालीस. कुणी आलं नाही, शैला. आपण बडोद्याचे मराठी लोक घरी पंगतीच्या आठवणी काढतो आणि लग्न भाड्याच्या मोकळ्या पार्टी प्लॉटवर करतो. तू आठवणींचं माप घेतलंस. गुडघ्यांचं घ्यायचं राहिलं.

हा दोष मी तुला देत नाही. अशी चूक माणसांवर जीव असल्याशिवाय होत नाही. माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. काही वर्षांनी प्रभाकरराव आपल्या ऑफिसात आले होते. जिना चढून धापा टाकत बसले आणि फार नम्रपणे म्हणाले, "शैलाताई, जरा जागा वाढवता येईल का? बुकिंग येत नाही." मी तयारीत होते. पूर्वेच्या अंगाला एक रुंद उघडी पडवी काढायची, बुफे तिथं लावायचा, हॉलच्या भिंतीला हातही लावायचा नाही. वारा जसाच्या तसा. मी ते कच्चं काढून ठेवलं होतं. तू ते बघितलंससुद्धा नाहीस. त्यांना म्हणालीस, "बुफे पाहिजे तर तंबू ठोका." ते उठले, नमस्कार केला आणि हळूहळू जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत. मी तुला म्हटलं, एवढं काय बिघडलं असतं. तू म्हणालीस, "मंदा, तू इमारती नाही बांधत, समेट बांधतेस."

ते वाक्य मला फार लागलं होतं. तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, त्या दिवशी तू एक समेट केला असतास तर आज तुझी पश्चिमेची भिंत जागेवर राहिली असती. इमारत टिकायची तर नुसता चुना आणि वीट चांगली असून भागत नाही, तिच्यात माणसांना यावंसं वाटलं पाहिजे. हे तूच विद्यार्थ्यांना शिकवायचीस. आणि आपल्याच हॉलच्या बाबतीत तू लोकांना शिस्त लावायला निघालीस. लोकांनी सरळ पार्टी प्लॉट गाठला.

पण एकदा पंगत बसली. विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांमधून शिरलं तेव्हाची गोष्ट. खालच्या मजल्यांवरची माणसं गाद्या डोक्यावर घेऊन निघाली आणि आसपास कोरडा असा तुझा हॉल होता. पाणी चौथऱ्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आपण दोघी ट्रॅक्टरमधून तिथं पोहोचलो तेव्हा आत मराठी, गुजराती, शेजारच्या बांधकामावरचे मजूर, सगळे एकत्र होते. वीज नव्हती. खिडक्या सताड उघड्या, झडपा उघड्या, एवढ्या माणसांत कुणाचा जीव घुसमटत नव्हता. जेवायची वेळ झाली तेव्हा टेबलं नव्हती, खुर्च्या नव्हत्या. माणसं आपोआप भिंतीला पाठ लावून बसली आणि समोर दुसरी ओळ बसली. कागदाच्या ताटल्या, खिचडी आणि कढी. तू पदर खोचून वाढायला उठलीस. बादली घेऊन जाताना समोरून कढीवाला आला आणि तुम्ही एकमेकांना न घासता गेलात.

तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. तू इतकी आनंदात होतीस की मला तुझी चीड आली. लोकांची घरं बुडाली होती. कोपऱ्यात एक बाई भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा फुंकर मारून वाळवत बसली होती. आणि तू माझ्याजवळ येऊन कानात म्हणालीस, "बघितलंस? बरोबर बसलं." मी दुसरी बादली उचलली. आज सांगते, बरोबर बसलं होतं. इंचभर इकडेतिकडे नाही. मी आयुष्यात जेवढ्या इमारती पाहिल्या त्यांत एवढी नेमकी उपयोगी पडलेली दुसरी पाहिली नाही. हे तेव्हाच म्हणायला हवं होतंस असं तू म्हणशील. म्हणाले असते, तर तू ते आणखी वर्षभर सुनावलं असतंस.

त्या लोकांनी नंतर मंडळाला आभाराचे निरोप पाठवले. मग दिवाळीनंतर त्यांच्या मुलांची लग्नं झाली. पार्टी प्लॉटवर.

तुझे शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. ती नवी इमारत, सगळी काचेची, पश्चिमेला तोंड करून. दुपारी काचा तापायच्या म्हणून पडदे ओढायचे, पडदे ओढले की अंधार म्हणून दिवे लावायचे, दिव्यांनी उकडायचं म्हणून एसी वाढवायचा. आधी तू यावर हसायचीस. मग हसायची ताकद राहिली नाही. तू नर्सला म्हणायचीस, "बेन, बारी खोलो ने." ती बिचारी रोज सांगायची, "मासी, आ बारी खुलतीज नथी." तू दर वेळी नव्यानं चकित व्हायचीस. खिडकी आणि उघडत नाही, हे तुझ्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. मी तिथं बसून तुझ्या तोंडावर मासिकानं वारा घालायचे. नर्सला वाटायचं, हिला एसीची हवा कमी पडते की काय.

आता मंडळाच्या सभेचं सांगते, कारण ते तुला कळलंच पाहिजे. नकाशांबद्दल विचार करून मी प्रभाकररावांना फोन केला. म्हटलं, माझी एक अट आहे. कमिटीनं वैशाखातल्या एका दुपारी हॉलमध्येच बैठक घ्यायची, पंखे बंद ठेवून, जशी शैला बसायची तशी. मग जे ठरवाल ते ठरवा. ते लगेच हो म्हणाले. वाईट माणूस नाही तो. तुझ्याबद्दल त्याच्या मनात खरंच आदर आहे, म्हणून तर सगळं अवघड झालं.

सगळी कमिटी आली. आपला कंत्राटदार रमणभाईही आला, त्यानंच दोऱ्या ओढून वरच्या झडपा उघडल्या. अजून चालतात. कुरकुरल्या आणि उघडल्या. "शैलाबेन होत तो आजे खुश थई जात," तू असतीस तर आज खूश झाली असतीस, असं तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. सतरंजीवर बसायला कुणी तयार नव्हतं, खुर्च्या आणल्या. पहिल्यांदा सगळे घाम पुसत होते, एकमेकांची थट्टा करत होते. मग वारा सुरू झाला. पडवीतून आला, खिडक्यांतून शिरला आणि हॉल ओलांडून पलीकडे गेला, अर्ध्यात कुठे दमला नाही. बोलणं हळूहळू कमी झालं. खजिनदारांना डुलकी लागली. प्रभाकरराव डोळे मिटून म्हणाले, "हवा सरस येते हां, मंदाताई. एकदम सरस."

माझ्या मनात आशा आली, शैला. एवढ्या वर्षांत तुझ्या बाजूनं मी पहिल्यांदाच आशा केली असेल.

मंडळाची चिटणीस केतकी, तिशीची, हुशार आणि कामाची मुलगी, खिडकीपाशी बसली होती. केस उडत होते ते तिनं कानामागे घेतले. म्हणाली, "काकू, खरंच मस्त आहे. मला माहीतच नव्हतं. पण फोटोत वारा दिसत नाही ना. लोक फोनवर पहिला प्रश्न विचारतात, एसी छे ने? नाही म्हटलं की पुढचं ऐकतच नाहीत." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मी तिला म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला वाटून काय उपयोग?" मग तिनं ठराव वाचला. कागद वाऱ्यानं फडफडत होता, तो उडू नये म्हणून तिनं त्यावर मोबाईल ठेवला. भिंत काढून हॉल रुंद आणि वातानुकूलित करण्यास मान्यता. सगळ्यांनी हात वर केले. खजिनदारांना उठवलं, त्यांनीही केला.

त्यांना तुझं म्हणणं कळलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तूही तसंच धरून चालायचीस, म्हणून तर सगळ्यांना समजावत फिरायचीस. त्या दुपारी त्यांना कळलं होतं. त्यांच्या अंगाला लागत होतं. तरीही त्यांनी हात वर केले. हे मला त्यांना माफ करता येत नाही, आणि त्यांचं चुकलं असंही धड म्हणता येत नाही. रिकाम्या हॉलमध्ये वारा किती चांगला येतो हे कुणाला सांगणार?

मी दोन गोष्टी बोलले. पहिली, नकाशे मी करीन, पण पूर्वेच्या खिडक्या आणि वरच्या झडपा तशाच राहतील, उघडतील अशा. वीज गेली किंवा पाणी आलं तर लागतील. ते मान्य झालं. दुसरी, हॉलला तुझं नाव द्यायचं नाही. प्रभाकररावांचा चेहरा पडला. "ताई, आम्ही मानानं देतोय ने?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तिचा मान ठेवायचा तर ती भिंत ठेवा. भिंत काढायची तर नाव नको."  प्रभाकरराव उठून त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "बरं. नाव नको."

म्हणजे त्यांना निवड करायला सांगितली आणि त्यांनी तुझं नाव सोडलं. तेही मीच सांगितलं होतं. पायऱ्या उतरताना रमणभाईनं विचारलं, "बेन, काम आपणेज करवानुं?" मी म्हटलं, आपणच करायचं. त्या भिंतीवर छताचा भार कसा येतो ते आपल्याला माहीत आहे, दुसरा कुणी घाईनं पाडायला जाईल आणि उरलेलंही घालवील. तो बरं म्हणाला. तू म्हणाली नसतीस. तू काम नाकारलं असतंस, मलाही नाकारायला लावलं असतंस, आणि आपण दोघी लहरीपुऱ्यात बसून राहिलो असतो, अगदी बरोबर आणि अगदी रिकाम्या.

आज सकाळी मी कागद पसरला. नवं बांधकाम सलग रेषेनं दाखवायचं आणि पाडायचं ते तुटक रेषेनं, हे आपण दोघी एकाच वर्गात शिकलो. पश्चिमेची भिंत मी तुटक रेषेनं काढली. रेष सरळ आली, सवयीचा हात आहे. मग टेबलापलीकडे बघितलं, तू काय म्हणशील ते ऐकायला. समेट म्हणालीस तर म्हण. भिंत माझ्या सहीनं पडेल. तुझ्या नावाखाली पडू दिली नाही.